सुपारी, उचल, रॉयल्टी : गाण्याच्या धंद्यातील शब्दांचा इतिहास

धागा. विषय : संगीत व्यवसायात नव्याने उतरणाऱ्याच्या कानावर पडणारे शब्द, ते कोठून आले, आणि प्रत्येक शब्दाच्या पोटात पैशाची कोणती वाटणी दडली आहे. उदाहरणे शक्य तितकी बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या परिसरातली घेतली आहेत. धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

निमित्त साधे आहे. आज निमगाव केतकीचा किंवा माळेगावचा एखादा तरुण मोबाइलवर गाणे रचतो, गावातल्याच स्टुडिओत ते मुद्रित करतो, आणि आठवड्याभरात त्याच्यापुढे एखाद्या कंपनीचा करारनामा येतो. करारनामा इंग्रजीत असतो. त्यात मास्टर, पब्लिशिंग, रॉयल्टी, रिकूपेबल ॲडव्हान्स, असाइनमेंट, परपेच्युइटी असे शब्द असतात. तरुण सही करतो, कारण पुढचे आकडे त्याला दिसतात आणि मागचे शब्द दिसत नाहीत. वास्तविक यांतील जवळजवळ प्रत्येक व्यवहार या मुलखाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. त्याची नावे मात्र वेगळी होती.

आरंभ मुद्रेपासून करू. मुद्रा म्हणजे रचनेच्या अखेरच्या चरणात गुंफलेले कवीचे नाव. देहूहून पंढरीस जाणारी तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने जाते, आणि त्या वाटेवर गायिल्या जाणाऱ्या अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येतेच येते. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा रचना कोणाची हे सांगण्याचा हाच एक मार्ग होता. नाव वृत्तातच बसवलेले असल्यामुळे ते काढले तर चरण लंगडा होतो. आजच्या भाषेत याला क्रेडिट म्हणतात, आणि ते गाण्याच्या अंगातच विणलेले असल्याने आजच्या क्रेडिटहून अधिक टिकाऊ होते असे माझे मत आहे.

अधिक टिकाऊ, पण चोरीस अभेद्य नव्हे. तुकोबांच्या हयातीतच त्यांच्या अभंगांवर आपली मुद्रा ठोकणाऱ्या सालोमालोची कथा परंपरेने जपली आहे. गाथेत त्याच्यावर अभंग आहेत, आणि १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातील सालोमालो तर घराघरांत पोहोचला. दुसऱ्याचे गाणे आपल्या नावाने चढवणाऱ्याला हे नाव आपण आजही द्यायला हरकत नाही. इंग्रजी शब्दापेक्षा ते नेमके आहे.

बारामतीपुरते बोलायचे तर या गोष्टीचे सर्वांत देखणे उदाहरण मोरोपंतांचे. पंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. पण आयुष्य गेले बारामतीस, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. कऱ्हेच्या काठी नाईकांचा वाडा आजही उभा आहे. पंत पुराण सांगत आणि आर्या रचीत. ‘मयूर’ ही त्यांची मुद्रा. १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याकडे सोलापूरचा लावणीकार राम जोशी आला, पंतांच्या सहवासात रमला, आणि त्यांच्या आर्या कीर्तनात गाऊ लागला, असे परंपरा सांगते. पंतांची आर्या पोथीतून निघून गावोगावच्या देवळांत पोहोचली ती अशा कीर्तनकारांच्या गळ्यातून.

आता हाच प्रसंग हिशेबाच्या वहीत मांडून पाहा. शब्द पंतांचे. चाल, अभिनय आणि आवाज राम जोशीचा. श्रोत्यांनी दिलेली बिदागी कोणाची? अर्थात गाणाऱ्याची. पंतांना त्यातून काही मिळावे ही कल्पनाच त्या काळी नव्हती. त्यांचा चरितार्थ नाईकांच्या आश्रयावर चाले. म्हणजे रचनाकाराला एका माणसाकडून वर्षासन, गाणाऱ्याला अनेकांकडून तात्कालिक द्रव्य. नाव मात्र दोघांचेही राहिले. संगीत व्यवसायाचे निम्मे भांडण या एका मांडणीत आहे : लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा आणि गाणाऱ्याचा वेगळा. इंग्रजी करारनाम्यात जेथे ‘ऑथर’ लिहिलेले असते तेथे पंत समजावे, आणि जेथे ‘परफॉर्मर’ असते तेथे राम जोशी.

बिदागी या शब्दाचे नाते ‘विदा’ म्हणजे निरोपाशी आहे. निघताना हातावर ठेवायची रक्कम ती बिदागी. तिच्या अर्थातच व्यवहाराची समाप्ती आहे : कलावंत निघाला, हिशेब मिटला. आज एकरकमी मानधन म्हणतात ते हेच. पुढे त्या गाण्याने कोणी लाख मिळवले तरी बिदागी घेणाऱ्याचा त्यावर दावा नाही.

तमाशाच्या फडात ही भाषा अधिक व्यापारी झाली. फड म्हणजे मंडळी आणि तिचा सगळा पसारा : सरदार, सोंगाड्या, नाच्या, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावाला, मागे उभे राहून झील धरणारे सुरत्ये. फडाला कवने पुरवणारा तो शाहीर. चैत्र-वैशाखात आपल्याकडे गावोगावच्या यात्रा असतात. यात्रेचे पंच वर्गणी गोळा करतात आणि फड ठरवायला निघतात. पुणे जिल्ह्यात त्याचे मोठे ठिकाण जुन्नर तालुक्यातले नारायणगाव; तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि तारखा ठरतात. तारीख ठरली की विसार दिला जातो. विड्यावर सुपारी ठेवून शब्द पक्का करायचा या रिवाजावरून त्या संपूर्ण कराराचेच नाव सुपारी पडले. चित्रपटांनी या शब्दाला रक्ताचा डाग लावला, हे त्याचे दुर्दैव. मुळात तो कलावंताच्या तारखेचा शब्द आहे. इंग्रजीत याला बुकिंग आणि विसाराला डिपॉझिट म्हणतात. त्यात नवे काही नाही.

सुपारीत प्रयोगाची तारीख विकली जाते, गाणे विकले जात नाही. हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

‘बारी’ म्हणजे पाळी. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत जी संगीतबारी चालते तिचे नाव या पाळीवरून आले : एका छताखाली अनेक पार्ट्या, प्रत्येकीची आपली बारी. चौफुला दौंड तालुक्यात, पण सुपे-मोरगावकडून जाणाऱ्या बारामतीकराला तो परका नाही. तेथे जागा एकाची, पार्टी दुसऱ्याची आणि उत्पन्नात ठरलेला वाटा. ‘दौलतजादा’ हा शब्दही असाच. बक्षीस मिळताच देणाऱ्याच्या नावाने ‘दौलत ज्यादा’ होवो असे शुभचिंतन पुकारले जाई. त्या पुकाऱ्यावरून बक्षिसालाच ते नाव पडले. समाजमाध्यमांवर थेट गाणाऱ्या कलावंताला प्रेक्षक आज पैसे पाठवतात आणि तो त्यांचे नाव घेऊन आभार मानतो, तेव्हा मला हा शब्द आठवल्याखेरीज राहत नाही.

आता ज्या शब्दावर मी थोडा जास्त थांबणार आहे तो शब्द : उचल.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला उचल समजावून सांगावी लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथल्या कारखान्यांच्या हंगामासाठी ऊसतोड टोळ्या येतात त्या मुकादमाकडून उचल घेऊन. काम सुरू होण्याआधी हाती आलेली ही रक्कम मजुरी नसते; ती आगाऊ मजुरी असते, आणि तोडलेल्या प्रत्येक टनातून ती फेडायची असते. हंगाम संपला आणि फिटली नाही, तर पुढच्या हंगामाला बाकी राहते. तमाशातही हाच शब्द, याच अर्थाने. पावसाळ्यात फड बंद असतो, घर चालवायला पैसा लागतो, म्हणून कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि दसऱ्यानंतरच्या हंगामात ती कामाने फेडतो. फडमालक स्वतः बहुधा सावकाराचा उचलदार असतो.

संगीत कंपनीचा ‘ॲडव्हान्स’ ही उचलच आहे. करारात त्याच्यामागे ‘रिकूपेबल’ असे विशेषण येते. त्याचा अर्थ तुमच्या वाट्यातून वळती होणारी. समजा, कंपनीने एका गायकाला ५०,००० रुपये दिले आणि उत्पन्नात त्याचा वाटा १० टक्के ठरला. गाणे चालले, ३ लाख रुपये आले. गायकाचा वाटा ३०,०००. तो त्याला मिळत नाही. उचलीत जमा होतो, आणि २०,००० अजून देणे राहते. कंपनीच्या हाती मात्र तीन लाख आले, उचल वजा जाता अडीच लाख वर उरले. म्हणजे कंपनी फायद्यात आणि गायक तिच्याच वहीत कर्जदार, हे दोन्ही एकाच वेळी खरे. त्यातच चित्रीकरणाचा, जाहिरातीचा खर्चही ‘रिकूपेबल’ लिहिला असेल, तर ती उचल कधी फिटायची? ज्याच्या आजोबांनी कोयता हाती धरला होता त्याला ही वही वाचता येते. फक्त ती इंग्रजीत आहे म्हणून तो बिचकतो.

पठ्ठे बापूराव यांचे उदाहरण येथे द्यायला हवे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, रेठरे हरणाक्ष. कुलकर्णीपण सोडून फडावर उभे राहिलेले हे शाहीर. त्यांची कवने त्यांच्या फडाबाहेरही गावोगाव गायिली गेली आणि प्रत्येक कवनात त्यांची मुद्रा होती. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले ते दारिद्र्यात. मुद्रेने नाव राखले, पैसा राखला नाही. विशेष म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ पासून कॉपीराइटचा कायदा अस्तित्वात होता. पण फडाफडांतून, यात्रेयात्रेतून कवनाच्या वापराचे पैसे गोळा करणारी यंत्रणाच नव्हती. कायदा असून वसुलीची सोय नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

अशी सोय युरोपात कशी निर्माण झाली, याची कथा मौजेची आहे. १८४७ मध्ये पॅरिसमधील एका उपाहारगृहात एर्नेस्त बुर्जे नावाचा गीतकार बसला होता. तेथे त्याचेच गाणे सादर होत होते. बिल आले तेव्हा त्याने ते देण्यास नकार दिला : तुम्ही माझे गाणे फुकट वापरता, तर मी तुमचे पेय फुकट घेतो. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल गीतकाराच्या बाजूने लागला, आणि १८५१ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या वतीने असे पैसे गोळा करणारी ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली. या हक्काला परफॉर्मिंग राइट म्हणतात. भारतात याच कामासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, १९६९ मध्ये स्थापन झाली. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या हक्कांसाठी पीपीएल ही संस्था तिच्याआधी, १९४१ मध्येच आली होती. कंपन्या कवींपेक्षा अठ्ठावीस वर्षे आधी संघटित झाल्या, एवढे नमूद करून पुढे जातो.

ध्वनिमुद्रणाबरोबर शब्दांचा नवा ढीग आला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित करीत होता. तीन मिनिटांच्या आत गाणे संपवून ती अखेरीस इंग्रजीत आपले नाव पुकारी. मुद्रणे दाबण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तेथल्या कारागिरांना गायिका ओळखू यावी म्हणून ही तजवीज होती. मुद्रेचीच ही यांत्रिक धाकटी बहीण. आज प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक देतात. त्याचे कामही तेच, फक्त पुकारणारे यंत्र आणि ऐकणारेही यंत्र. १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला.

‘मास्टर’ हा शब्द याच कारखान्यातला आहे. मेणाच्या तबकडीवर आवाज कोरला जाई, तिच्यावर विद्युतप्रक्रियेने धातूचा थर चढवून तो सोलून काढीत. हा उलटा ठसा म्हणजे मास्टर. त्यापासून सुलटा ठसा काढीत, त्याला मदर म्हणत. मदरपासून पुन्हा उलटे ठसे, ते स्टँपर. आणि स्टँपरने बाजारातल्या तबकड्या दाबल्या जात. स्टँपर झिजला तर मदरपासून नवा काढता येई. मास्टर ज्याच्या तिजोरीत, त्याच्या हाती त्या गाण्याच्या सर्व भावी प्रती. धातू गेला, फीत आली, फीत गेली, संगणकाची फाइल आली; शब्द आणि सत्ता तशीच राहिली. ‘मास्टर कंपनीच्या मालकीचे राहील’ हे वाक्य करारात वाचाल तेव्हा ती तिजोरी डोळ्यांपुढे आणावी.

‘लेबल’ म्हणजे तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेला गोल कागद. त्यावरच्या छापावरून कंपनीलाच लेबल म्हणू लागले. ‘अल्बम’ म्हणजे अनेक तबकड्या ठेवण्याची, छायाचित्रांच्या वहीसारखी बांधलेली पिशव्यांची वही. ‘मेकॅनिकल’ हक्क हा शब्द त्याहून जुना : सच्छिद्र कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो होते, त्या यांत्रिक पुनरुत्पादनाचे पैसे रचनाकाराला मिळावेत या वादातून तो विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. ‘सिंक’ म्हणजे चित्राशी गाणे जुळवण्याची परवानगी, बोलपटाच्या काळातली. मराठीत बोलपट १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून. आज चित्रफितीखाली तुमचे गाणे कोणी लावले तर प्रश्न याच हक्काचा येतो.

आणि रॉयल्टी. हा शब्द इंदापूरकराने प्रथम ऐकला तो गाण्याच्या संदर्भात नव्हे. भीमेची वाळू किंवा माळावरचा मुरूम उचलायचा तर तहसील कार्यालयात रॉयल्टी भरावी लागते. सरकारी मराठीत तिला स्वामित्वधन म्हणतात. अनेकांना वाटते की हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले. तसे नाही, शब्द एकच आहे. इंग्लंडात सोन्याचांदीच्या खाणी राजाच्या मानल्या जात. १५६८ च्या एका प्रसिद्ध खटल्यात हे तत्त्व पक्के झाले. खणणारा दुसरा असला तरी राजाचा वाटा द्यावा लागे. त्या राजहक्काला रॉयल्टी म्हणत. पुढे तो शब्द पेटंटला लागला, मग ग्रंथकर्त्याला, मग संगीतकाराला. कल्पना मोठी आहे : खणणारा, वाहणारा, विकणारा कोणी असो, ज्याच्या मालकीतून द्रव्य निघाले त्याला प्रत्येक ब्राशीमागे वाटा. गीतकार हा आपल्या गाण्याचा राजा आहे, असे हा शब्द म्हणतो. बिदागी आणि रॉयल्टी यांतला भेद एवढाच, पण आयुष्य बदलणारा.

भारतात हा भेद मान्य व्हायला फार काळ लागला. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. मानधन घेतल्यावर संबंध संपतो अशी महंमद रफी यांची भूमिका होती, आणि दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. रफींची भूमिका ही बिदागीची परंपरा होती. ती अप्रामाणिक नव्हती. पण तबकडी वारंवार विकली जाते, कीर्तन एकदाच होते, हा फरक तिच्यात बसत नव्हता.

१९५७ चा कॉपीराइट कायदा तोवर आला होता. तरी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या खटल्यात निर्णय दिला की मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सोबतच्या टिपणीत गायकाला कायद्यात कोणताच हक्क नाही याची खंत नोंदवली आणि विषय संसदेकडे सोपवला. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला. मधल्या काळात कॅसेट घराघरांत, ट्रॅक्टरवर, एसटी स्थानकाच्या टपरीवर पोहोचली. मराठी लोकगीतांचे, भीमगीतांचे, भक्तिगीतांचे अफाट मुद्रण झाले, आणि त्यातला सर्वसाधारण व्यवहार एकरकमी मानधनाचा राहिला.

२०१२ ची दुरुस्ती ही या इतिहासातली खरी कलाटणी. गीतकार जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी तिचा जोरकस पाठपुरावा केला. या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांनी कॉपीराइट कंपनीला दिला तरी, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीजच्या वापराच्या रॉयल्टीत मालकाच्या बरोबरीने वाटा घेण्याचा त्यांचा हक्क राहतोच. तो वारसांना किंवा नोंदणीकृत संस्थेला देता येतो. इतर कोणाला सोडून देण्याचा करार निरर्थक ठरतो. चित्रपटबाह्य ध्वनिमुद्रणालाही हे लागू आहे. सादरकर्त्यालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये गायकांनी आपली संस्था काढली. म्हणजे ‘सर्व हक्क दिले’ अशी सही करून बसलेल्या गीतकाराचेही सर्व काही गेलेले नसते. मात्र वाटा आपोआप घरी येत नाही. आयपीआरएसचे सभासद होऊन आपली गाणी नोंदवावी लागतात. पठ्ठे बापूरावांच्या काळी नसलेली यंत्रणा आज आहे, पण तिच्या वहीत नाव हवे.

एकाच गाण्यात किती मालक असतात, हेही येथेच पाहू. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानात गदिमांच्या नावाचे सभागृह आहे. तेथे कोणी ‘गीतरामायण’ गायचे ठरवले असे समजा. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये सादर झालेल्या या छप्पन्न गीतांचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. आपल्या कायद्यात हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, आणि शब्द व चाल या स्वतंत्र कृती मानल्या जातात. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चाल २०६२ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क तिसराच, प्रकाशनापासून साठ वर्षांचा. हे तीन सातबारे आहेत, एकाच गटातले. करारात शब्द-चालीच्या हक्कांना पब्लिशिंग म्हणतात, कारण हा धंदा छापील स्वरलिपी विकण्यापासून सुरू झाला; आणि मुद्रणाच्या हक्काला मास्टर. कंपनी कोणता सातबारा मागते आहे, हे विचारल्याशिवाय बोलणे पुढे नेऊ नये.

संतांच्या अभंगांबाबत नेहमी एक गैरसमज आढळतो. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, खरे. पण लता मंगेशकर यांनी गायिलेल्या तुकोबांच्या अभंगांच्या चाली श्रीनिवास खळे यांच्या आहेत, आणि खळे २०११ मध्ये गेले. ती चाल २०७१ अखेरपर्यंत मोकळी नाही. वारीच्या परंपरेतील चाल घ्या, किंवा स्वतःची बांधा, आणि तुकोबांचे शब्द बिनदिक्कत गा. मोरोपंतांची आर्याही तशीच मोकळी आहे. कोणी नव्या चालीत बांधली तर बारामतीला आनंदच होईल.

उरले करारातले दोन कळीचे शब्द. असाइनमेंट म्हणजे खरेदीखत; लायसन्स म्हणजे खंडाने दिलेले शेत. खरेदीखत झाले की बांधावरचे आंब्याचे झाडही गेले. खंडाची मुदत संपली की शेत परत येते. नवख्याला बहुधा खरेदीखत पुढे केले जाते आणि तोंडाने मात्र ‘गाणे लावायला परवानगी द्या’ असे खंडाचे शब्द वापरले जातात. ‘परपेच्युइटी’ म्हणजे कायमचे. प्रदेशाच्या रकान्यात ‘संपूर्ण विश्वात’ असे लिहिणारे करारही असतात. चंद्रावर तमाशाची सुपारी निघालीच तर सोय असावी, हा हेतू असेल.

कायद्याचे कलम १९ या बाबतीत कलावंताच्या बाजूचे आहे. असाइनमेंट लेखी आणि सहीनिशी हवी. तीत कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे लिहिलेले हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन कंपनीने वर्षभर त्यांचा वापरच केला नाही, तर करारात वेगळे लिहिलेले नसल्यास न वापरलेले हक्क परत येतात. गाणे घेऊन गप्प बसलेल्या कंपन्यांची तक्रार करणाऱ्यांनी हे पोटकलम आधी वाचावे आणि आपल्या करारात ‘वेगळे लिहिलेले’ आहे का ते पाहावे.

गाणे अनेकांनी मिळून केले असेल तर ‘स्प्लिट शीट’, म्हणजे वाटेपत्रक, मुद्रणाच्या दिवशीच लिहावे. आपल्याकडे शेत अर्धेलीने देतात तेव्हा बी कोणाचे, खत कोणाचे, पाणी कोणाचे हे पेरणीआधी ठरते. कापणीला कोणी ठरवीत नाही. शब्द कोणाचे किती टक्के, चाल कोणाची किती, एवढ्या चार ओळी आणि सर्वांच्या सह्या पुरतात.

जाता जाता, बेंजो आणि डीजेवाल्या मित्रांसाठी. कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि शासकीय समारंभ यांना सूट आहे, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ धार्मिक विधीत धरले आहेत. यात्रेच्या रात्री तिकीट लावून केलेला ऑर्केस्ट्रा त्या स्पष्टीकरणात नाही. त्या रात्रीच्या गाण्यांचा परवाना कोणी काढायचा, पंचांनी की पार्टीने, हे सुपारी देतानाच कागदावर आणावे.